उतरायचे कुठे? : खानदेशच्या राजधान्या आणि परक्याचा मुक्काम

आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीच्या निमित्ताने प्रथमच नैरोबीला निघाला होता. जाण्यापूर्वी तो भेटावयास आला, तेव्हा पगार, हवामान, भाषा यांपैकी कशाचीच त्याला फारशी धास्ती दिसली नाही. त्याची काळजी एकच होती. शहर विलक्षण वेगाने वाढते आहे असे सगळे सांगतात. मग तिथे पोचल्यावर पहिल्या रात्री उतरायचे कुठे? आम्ही आफ्रिका पाहिलेली नाही. नैरोबी १८९९ साली रेल्वेच्या बांधकामाचा तळ म्हणून वसले, त्या रेल्वेच्या कामावर हिंदुस्थानातून नेलेले हजारो मजूर होते आणि काही वर्षांतच त्या तळाची राजधानी झाली, इतके आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होते. मुक्कामाच्या प्रश्नाला या माहितीचा काडीचाही उपयोग नव्हता. त्याचे त्याने शोधून घेतले. प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला.

राहण्याचे कारण असे, की हा प्रश्न आमच्या खानदेशाला नवा नाही. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतून फिरणाऱ्या माणसाला येथे राजधान्या किती वेळा उठल्या आणि बसल्या याच्या खुणा वाटेत भेटतात. थाळनेर, बऱ्हाणपूर, धुळे, जळगाव ही सारी एकेका काळातील वाढती शहरे. त्यांचा इतिहास आपण किल्ला कोणी जिंकला, सुभेदार कोण होता, कचेरी केव्हा आली या क्रमाने शिकवतो. या शहरांत नव्याने आलेला माणूस रात्री कुठे टेकला, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. आमच्या मते ते विचारावयास हवे. मराठीत 'उतरणे' या एकाच क्रियापदात वाहनातून खाली येणे आणि मुक्कामाला राहणे हे दोन्ही अर्थ आहेत; प्रवाशाला आपण 'उतारू' म्हणतो; आणि आपल्या पत्राचा पत्ता 'मुक्काम पोस्ट' या शब्दांनी सुरू होतो. भाषेने ज्याला इतके महत्त्व दिले त्याला इतिहासाने तळटीपेतही जागा देऊ नये, हे चमत्कारिक आहे.

आरंभ थाळनेरपासून करू. तापीच्या काठचे, आज शिरपूर तालुक्यात असलेले हे गाव. १३७० च्या सुमारास फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी याला हा मुलूख दिला आणि पुढे तो स्वतंत्रपणे राज्य करू लागला. फारुकी राजांची थडगी थाळनेरला अजून आहेत. १३९९ मध्ये मलिक राजाचा मृत्यू झाल्यावर त्याचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेतला आणि तापीच्या काठीच, पूर्वेला, नवे नगर वसवले. त्याला त्याने नाव दिले ते स्वतःचे नव्हे. खुलताबादेस चिरविश्रांती घेणाऱ्या शेख बुऱ्हाणुद्दीन या सूफी संताच्या नावावरून बऱ्हाणपूर, आणि नदीच्या पलीकडच्या तीरावर शेख झैनुद्दीन यांच्या नावाने झैनाबाद. राज्याला नाव राजाचे आणि नगराला नाव फकिराचे, ही योजना आम्हांस अर्थपूर्ण वाटते. फकीर हा मुळातच जगाच्या मुक्कामाला आलेला माणूस. निदान नाव ठेवताना तरी या नगराने पाहुण्याचा मान राखला होता.

आज बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. भुसावळहून रेल्वेने तासाभराचा प्रवास. परंतु १६०१ साली अकबराने असीरगड घेतल्यानंतर खानदेश सुभ्याचा कारभार तेथूनच चाले, आणि दक्षिणेच्या स्वाऱ्यांची छावणी तेथेच असल्यामुळे शहर फुगत गेले. फौजा, सराफ, विणकर, नायकिणी, हकीम, कवी, सारे तेथे आले. हिंदी दोह्यांचा कर्ता म्हणून आपण ज्याला ओळखतो तो अब्दुर्रहीम खानखाना येथे दीर्घकाळ राहिला. जमिनीखालून पाणी आणणारी 'कुंडी भंडारा' ही योजना जहांगीराच्या काळातली. अकबरी सराई म्हणून ओळखली जाणारी मोठी धर्मशाळावजा इमारतही त्याच काळातली; तिची उंच कमान अजून उभी आहे.

अशा या भरभराटीच्या राजधानीत १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो येऊन पोचला. सुरतेहून निघून तो अजमेरला जहांगीराच्या दरबारी चालला होता, आणि वाटेत शहजादा परवेझ याची भेट घ्यावयाची होती. कोतवाल त्याला मानाने सामोरा गेला. आणि मग त्याला सराईत उतरवले. रोने आपल्या रोजनिशीत या जागेची जी तक्रार लिहिली आहे ती वाचताना चारशे वर्षांचे अंतर गळून पडते. त्याला विटांच्या चार खोल्या मिळाल्या. त्या भटारखान्यातील भट्ट्यांएवढ्या आणि भट्ट्यांसारख्याच घुमटी छपराच्या होत्या, असे तो सांगतो. साहेब संतापले, शहर सोडून जाण्याची धमकी देऊन झाली, सकाळपर्यंत काही तरी बरी सोय करण्याचे आश्वासन मिळाले, आणि रात्र अखेर स्वतःच्या तंबूत काढली गेली. पुढे तो हेही नोंदवतो, की शहजाद्याचा वाडा, खानखानाचे घर आणि आणखी थोडी घरे वगळली तर बाकीचे शहर मातीच्या झोपड्यांचे आहे.

या नोंदीचा अभ्यासक सहसा दोन प्रकारे उपयोग करतात. एक, वसाहतवादी प्रवाशाचा नकचढेपणा दाखवण्यासाठी. दुसरा, मुघल नगररचनेची सामग्री म्हणून. दोन्ही रास्त आहेत. पण आम्हांस तीत तिसरी गोष्ट दिसते. वाढत्या राजधानीत वैभव आधी येते आणि निवारा मागाहून येतो. वाडे उभे राहतात, पाण्याच्या योजना होतात, आणि शहराला वाढवणारी जी माणसे रोज वेशीतून आत येतात त्यांच्यासाठी भट्टीएवढी खोली उरते. तीही सर्वांसाठी नसते. रोपाशी तंबू होता, नोकर होते, बादशहाच्या नावाचे पत्र होते. ज्याच्यापाशी यांतले काहीच नव्हते तो विणकर पहिल्या रात्री कुठे निजला, हे त्याने रोजनिशी ठेवली नाही म्हणून आपणांस कळत नाही.

पंधरा वर्षांनी, १६३० च्या नोव्हेंबरात, त्याच वाटेने पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा दुसरा इंग्रज सुरतेहून आग्र्याकडे निघाला. गुजरात, खानदेश आणि दख्खन यांवर तेव्हा भीषण दुष्काळ कोसळला होता. नंदुरबारला पोचल्यावर छोटासा तंबू ठोकण्यापुरती मोकळी जागा मिळणेही कठीण झाले, कारण जिकडेतिकडे प्रेते पडली होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. याच काळात बऱ्हाणपुरास शहाजहानचा मुक्काम होता, आणि १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल तेथेच वारली. तिचे शव काही महिने झैनाबादेस ठेवून मग आग्र्याला नेण्यात आले. तिच्या अखेरच्या मुक्कामासाठी काय उभे राहिले ते जगाला ठाऊक आहे. नंदुरबारच्या रस्त्यावरच्या माणसांची आठवण मंडीच्या वहीतल्या काही ओळींवर टिकून आहे. मुक्कामाचा प्रश्न जिवंतपणी संपत नाही, एवढेच यावरून म्हणता येईल.

आता दोनशे वर्षे ओलांडून धुळ्याकडे येऊ. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. लढाया, पुंडांचा धुमाकूळ आणि दुष्काळ यांनी मुलूख उजाड झाला होता. त्याची व्यवस्था लावण्याचे काम कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याकडे आले. त्याने जुन्या राजधान्या बाजूला ठेवून मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, पांझरा नदीच्या काठचे, बागाईताने वेढलेले धुळे हे लहान गाव मुख्य ठाणे म्हणून निवडले. १८१९ मध्ये धुळ्यात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. ब्रिग्जने कचेऱ्या बांधावयास घेतल्या, दूरदूरचे कारागीर आणवले, आणि व्यापाऱ्यांना वसाहतीचे आमंत्रण दिले. घर बांधण्यासाठी जागा कायमची बिनभाड्याने. आणि पक्के घर बांधणाऱ्याला, मग तो जुना रहिवासी असो की परका, सरकारातून उचल. १८६३ पर्यंत वस्ती दहा हजारांवर पोचली आणि १८७२ च्या खानेसुमारीत ती १२,४८९ भरली. म्हणजे अर्धशतकात पाचपट. सरळ आखलेल्या, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या हे धुळ्याचे वैशिष्ट्य आजही पत्ता विचारणाऱ्याच्या लक्षात येते.

हा ब्रिग्ज म्हणजेच फिरिश्त्याच्या फार्सी इतिहासाचा इंग्रजी अनुवादक. १८२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अनुवादात फारुकी राजांची, थाळनेरची, बऱ्हाणपुराच्या स्थापनेची हकिकत आहे. एका राजधानीची पायाभरणी करणारा माणूस पुढे आधीच्या राजधान्यांचा इतिहास भाषांतरित करतो, हा योगायोग साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. नसीरखानाने नगराला संताचे नाव दिले. ब्रिग्जने परक्याला जागा आणि उचल दिली. नगर वाढवावयाचे तर परक्याला आत घ्यावे लागते, हे दोघांसही कळले होते. मात्र ब्रिग्जच्या आमंत्रणातला 'परका' म्हणजे भांडवल असलेला परका. पक्के घर बांधण्याची ज्याची ऐपत होती, आणि ज्याच्या शेजाराला कोणाचा आक्षेप नव्हता, असा.

पुढे रेल्वे आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा गेला आणि धुळे त्या वाटेवरून बाजूला राहिले. चाळीसगावहून धुळ्याला फाटा यावयास १९०० साल उजाडले. दरम्यान कापसाने जळगावचे भाग्य उघडले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा झाला, आणि रेल्वेच्या काठच्या या गावात सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे होण्याचा मान जळगावला मिळाला. आता स्टेशनाजवळ धर्मशाळा, कचेरीजवळ साहेब लोकांसाठी प्रवासी बंगला, बाजारात जातवार खानावळी, आणि ज्याचे कोणी नाही त्याच्यासाठी फलाट, अशी उतरण्याची नवी व्यवस्था तयार झाली. रेल्वेच्या डब्यात सर्व जातींचे उतारू मांडीला मांडी लावून बसत. स्टेशनातून बाहेर पडताच प्रत्येकाची वाट वेगळी होई.

या काळाच्या इतिहासलेखनाची एक मर्यादा येथे सांगणे भाग आहे. खानदेशाला इतिहासाच्या साधनांचे केंद्र बनवले ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. दप्तरांच्या शोधात त्यांनी आयुष्यभर पायपीट केली. वाडे, मठ, देवळे, कुलकर्ण्यांची घरे पालथी घालून कागद मिळवले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाचे ऋण आमच्यासारख्यांवर फार मोठे आहे, आणि पुढचे वाक्य आम्ही त्या ऋणाचे भान ठेवूनच लिहितो. कागद सापडतात ते घरात. ज्याला वाडा त्याला माळा, ज्याला माळा त्याला दप्तर. ज्या माणसांना गावाच्या आत घर करण्याचीच मनाई होती, ज्यांना धर्मशाळेच्या ओसरीवर पथारी टाकता येत नव्हती, त्यांचे दप्तर राजवाड्यांना कुठे मिळणार? वाढत्या शहरांची त्यांची बाजू त्यांच्यापैकी कोणी तरी स्वतः लिहीपर्यंत वाट पाहावी लागली.

ती लिहिली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन आपल्या अभ्यासक्रमांत अस्पृश्यतेचा दस्तऐवज म्हणून वाचले जाते. आम्ही ते येथे प्रवासवर्णन म्हणून वाचण्याची सूचना करतो. शीर्षकच पाहा. परवाना परक्या देशात जाणाऱ्याला लागतो. आपल्याच देशात एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाणारा माणूस येथे परवान्याची वाट पाहत उभा आहे.

त्यातील दोन प्रसंग आमच्या विषयाच्या गाभ्याला भिडतात. पहिला बडोद्याचा. सयाजीराव गायकवाडांचे बडोदे म्हणजे त्या काळातील नमुनेदार राजधानी. ग्रंथालये, महाविद्यालय, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, रुंद रस्ते, बागा. महाराज स्वतः खानदेशाच्या शेजारच्या, मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर १९१७ मध्ये करारानुसार नोकरीवर रुजू होण्यासाठी बडोद्यास पोचले. स्टेशनावर उतरताच त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो आमच्या विद्यार्थ्याचाच : उतरायचे कुठे? हिंदू खाणावळीत घेणार नाहीत. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून त्यांनी जागा मिळवली. वरच्या मजल्यावर अडगळ भरलेल्या, अंधाऱ्या, निर्मनुष्य दालनात पुस्तकांच्या सोबतीने दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे कबूल करावे लागले. शहरातल्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राचे दारही उघडले नाही. मुंबईच्या गाडीला अवकाश होता म्हणून मधले पाच तास त्यांनी सार्वजनिक बागेत बसून घालवले. राजधानीपाशी त्यांना अमेरिकेला पाठवण्याएवढे औदार्य होते. एका खोलीएवढी जागा नव्हती.

दुसरा प्रसंग आमच्या अंगणातला, चाळीसगावचा, १९२९ सालचा. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे आंबेडकर सदस्य होते. धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. तेथील महार मंडळींनी एक रात्र आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला होता आणि त्यांनी तो मानला होता. म्हणजे या वेळी उतरण्याची जागा ठरलेली होती, यजमान वाट पाहत होते. अडले ते स्टेशन ते महारवाडा या थोडक्या अंतरात. एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही पाहा. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा एका माणसाने पाहुण्याच्या मानासाठी लगाम हाती घेतला. नदीच्या फरशीपुलावर दगडांत चाक अडकले, घोडा टांग्यासह खाली गेला, आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. पायाचे हाड मोडले. बॅरिस्टर असलेल्या माणसापेक्षाही स्वतःला वरचा समजणारा टांगेवाला त्यांना त्या दिवशी दिसला. मात्र आपल्याला चालत नेणे यजमानांना अपमानकारक वाटले, पाहुण्याची प्रतिष्ठा राखण्यासाठी त्यांनी हे धाडस केले, हेही त्यांनी कृतज्ञतेने समजून घेतले आहे. त्या वाक्यांपाशी आम्ही नेहमी थांबतो. खानदेशच्या आतिथ्याचा इतका हृद्य आणि इतका विदारक पुरावा दुसरा आमच्या पाहण्यात नाही.

यात कायद्याची बाजू लक्षात घेण्याजोगी आहे. सी. के. बोले यांचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केला होता. महाडच्या चवदार तळ्यामुळे आपण त्यातील पाणवठ्यांचा उल्लेख लक्षात ठेवतो. परंतु सार्वजनिक पैशाने बांधलेल्या पाणवठ्यांबरोबरच विहिरी, शाळा, दवाखाने, न्यायालये आणि धर्मशाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. ठराव होऊन सहा वर्षे झाल्यावर चाळीसगावचा टांगा पुलावरून पडला.

येथे आफ्रिकेची आठवण पुन्हा होते. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या तरुण बॅरिस्टर गांधींना, सोन्याच्या शोधाने सात वर्षांत उभ्या राहिलेल्या जोहान्सबर्गमध्ये एका मोठ्या हॉटेलाच्या व्यवस्थापकाने जागा नाही म्हणून परत पाठवले. पुढे ट्रान्सवालची राजधानी प्रिटोरिया येथे ते रात्री स्टेशनावर उतरले, तेव्हा कोणाला विचारावे हेच सुचेना. एका कृष्णवर्णीय अमेरिकनाने त्यांना आपल्या ओळखीच्या हॉटेलात नेले. मालकाने खोली दिली, पण गोऱ्या गिऱ्हाइकांच्या पंगतीत न बसता खोलीतच जेवावे ही अट घातली; मग गिऱ्हाइकांना विचारून ती मागे घेतली. मुक्कामाचा प्रश्न अखेर पाहुण्याने आणि शेजाऱ्याने मिळून सोडवला. याच माणसाने पुढे काँग्रेसचे अधिवेशन खेड्यात भरवण्याचा आग्रह धरला, आणि ते खेडे निघाले पूर्व खानदेशातले फैजपूर.

१९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यातील या गावी जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांनी बांबू, चटया, गवत अशा गावच्याच सामग्रीतून 'टिळकनगर' सजवले. साने गुरुजी महिनोन्‌महिने गावोगाव हिंडून त्यासाठी झटले. काही दिवस हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यचळवळीची राजधानी तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यात होती, आणि पुढाऱ्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांची छपरे बांबूचीच होती. अधिवेशन संपले, बांबू उतरवले गेले, नगर उरले नाही. रोला भेटलेली भट्टी आणि फैजपूरची झोपडी ही दोन टोके आम्ही वर्गात मुद्दाम शेजारी मांडतो. एकीत राजधानी कायमची आणि पाहुण्याची सोय तात्पुरती. दुसरीत राजधानीच तात्पुरती, पण तिची सगळी रचना आलेल्यांच्या सोयीभोवती बेतलेली.

साने गुरुजींचे नाव निघाले म्हणून एक साहित्यिक धागा जोडतो. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना त्यांनी छात्रालय सांभाळले आणि तेथील मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' चालवले. 'श्यामची आई' मध्ये श्याम आपल्या आठवणी सांगतो त्या आश्रमातल्या सोबत्यांना, रात्रीच्या वेळी. आईची ही कहाणी आईच्या घराबाहेर, सोबतीने मुक्काम केलेल्यांमध्ये सांगितली जाते, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तीन दशकांनी, १९६३ मध्ये, फैजपूरच्याच परिसरातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला' लिहिली. पांडुरंग सांगवीकर पुण्याला जातो, तो वसतिगृहाच्या खोलीत. त्या खोलीत तो राहतो, पण उतरत नाही असेच म्हणावे लागेल. शेवटी गावी परततो. खानदेशाच्या मराठी गद्याला शहरातल्या परक्या खोलीचे हे जे आकर्षण आणि भय आहे, त्यामागे राजधान्यांमागून राजधान्या पाहिलेल्या मुलखाचा अनुभव असावा असे आम्हांस वाटते. हे मत म्हणूनच मांडतो.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश नाकारण्यास बंदी आली. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे तिन्ही शब्द ओळीने आले आहेत. बऱ्हाणपूरच्या सराईपासून चाळीसगावच्या स्टेशनापर्यंतचा सारा प्रवास त्या एका वाक्यात मावला आहे. एरवी रूक्ष वाटणाऱ्या कायद्याच्या भाषेत इतका इतिहास क्वचित साठतो.

परंतु कायद्याच्या पलीकडची आणखी एक नोंद धुळ्याजवळ आहे. लळिंगच्या डोंगरात लांडोर बंगला नावाची एक जुनी वास्तू आहे. १९३७ मध्ये बाबासाहेब धुळ्यास आले होते, त्या वेळच्या तेथील मुक्कामाच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला लोक तेथे जमतात, यात्राच भरते. संतांच्या समाधीची, देवाच्या जन्माची यात्रा आपण जाणतो. एका माणसाच्या मुक्कामाची यात्रा भरावी, याचे कारण बडोदे आणि चाळीसगाव ठाऊक असल्यावाचून कळणार नाही. ज्यांना दप्तर नव्हते त्यांनी आपल्या इतिहासाचे साधन असे जपले आहे, दर पावसाळ्यात डोंगर चढून.

हे सारे झाले ते जुने, असे म्हणून मोकळे होता आले असते तर बरे झाले असते. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की सातपुड्याच्या पाड्यांवरून, तापीकाठच्या खेड्यांतून मुले शहरात शिकावयास येतात आणि खोली शोधत फिरतात. भाडे विचारण्याच्या आधी आडनाव विचारले जाते. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, गावावरून झाला नाही तर खाणे. काही मुले दोनतीन दिवसांनी वर्गात येतात आणि नातेवाइकाकडे सोय झाली असे सांगतात. ते नातेवाईक कोण, हे आम्ही विचारीत नाही. विचारावयास हवे होते, असे आता हे लिहिताना वाटते.

नैरोबीहून आमच्या विद्यार्थ्याचा फोन आला तेव्हा आम्ही पहिला प्रश्न तोच केला. कुठे उतरलास? एका गुजराती कुटुंबाच्या घरी पैसे देऊन राहतो, असे तो म्हणाला. त्यांचे पणजोबा रेल्वेच्या कामावर आले होते. घरधन्याने प्रथम नाव विचारले आणि मग जेवलास का, असे विचारले. आडनाव आठवड्याभराने, पत्र आले तेव्हा पाकिटावर पाहिले.